एका नोंदीतली तीन गावे

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या देशी शब्दांचा तो संग्रह. त्यात ‘बसीन’ या नावाची नोंद एकच आहे, पण तिच्या पोटात गावे तीन आहेत: मुंबईच्या उत्तरेची आपली वसई, ब्रह्मदेशात इरावतीच्या पश्चिमेकडच्या फाट्यावरचे एक बंदर, आणि वऱ्हाडातले वाशीम. तीन सर्वस्वी वेगळ्या नावांचा हा अपभ्रंश आहे, असे कोशकारांनी नोंदीच्या सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. निर्वाळा बरोबर आहे, पण ‘अपभ्रंश’ म्हटले की चौकशी संपल्यासारखी वाटते. इंग्रजाला नीट बोलता येत नव्हते, त्याने नाव बिघडवले, एवढेच हाती उरते. खरे तर नाव बिघडण्यालाही रीत असते. ती रीत शोधली तर दिसते की नावांचे सारखेपण गावांबद्दल काहीच सांगत नाही; ती लिहिणारा कोण होता, कुठे बसून लिहीत होता आणि त्याच्या कानावर आधी कोणते नाव पडलेले होते, हे मात्र बरेच सांगते. त्यासाठी फार दूर जायला नको. तिन्ही नावांच्या शेपटाला असलेले अनुनासिक कुठून आले, एवढे पाहिले तरी पुरते.

वसईपासून सुरुवात करू. संस्कृत ‘वसति’, म्हणजे राहण्याची जागा, प्राकृतात ‘वसइ’ होते. दोन स्वरांमधला ‘त’ गळतो, हा प्राकृताचा नेहमीचा नियम. गुजरातेत वसई नावाची आणखीही गावे आहेत, ती याच घरातली. जैनांनी हा शब्द देवळासाठी वापरला: अबूच्या पहाडावरचे १०३१ सालचे विमलवसही हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. कर्नाटकात जैन मंदिराला ‘बसदि’ म्हणतात, तोही हाच शब्द. मराठीने ‘वस्ती’ म्हणून तो संस्कृतातून पुन्हा एकदा उचलला, त्यामुळे आज ‘वसईतली वाढती वस्ती’ असे लिहिणारा वार्ताहर नकळत एकच शब्द दोनदा लिहितो. वसई, वसही, बसदि आणि वस्ती ऐकायला वेगवेगळे वाटतात, पण आहेत सख्खे. उलट इंग्रजी नकाशावरची दोन ‘बसीन’ अक्षरश: एकसारखी दिसतात आणि त्यांच्यात रक्ताचा थेंबही समान नाही. नावांच्या बाबतीत डोळ्यावर विसंबू नये ते यासाठी.

या ‘वसई’त कुठेही अनुनासिक नाही. पोर्तुगीज या किनाऱ्यावर नवे होते तेव्हा त्यांनाही ते ऐकू आले नव्हते. दुआर्ते बार्बोसाने १५१६च्या सुमारास लिहिलेल्या वर्णनात या बंदराचे नाव ‘बाशाय’ अशा रूपात येते. पुढे २३ डिसेंबर १५३४च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली, ती उत्तर प्रांताची राजधानी झाली, आणि कागदोपत्री नाव स्थिरावले ते ‘बासाइं’, लिहिताना शेवटी ‘म’ आणि बोलताना नाकातला सूर. असे फक्त वसईचेच झाले का? कोचीचे ‘कोशिं’ झाले आणि त्यातून इंग्रजी कोचीन. सुमात्रातल्या आचेचे ‘अशें’ झाले आणि त्यातून जुन्या इंग्रजी नकाशांवरचे अचीन. पणजीचे ‘पांजिं’ झाले आणि त्यातून पंजिम. वसईच्या मागच्या डोंगरातल्या अशेरीगडाचे ‘असेरिं’ झाले. मुंबईचे ‘बोंबाइं’ झाले. शेवटी स्वर आला की त्याला पुष्कळदा नाकातून सोडायचे, ही पोर्तुगीज जिभेची सवय होती आणि ती मलबारपासून सुमात्रापर्यंत दिसते. तेव्हा बसीनमधला ‘न’ हा वसईचा नव्हे. तो लिस्बनचा आहे. मुंबईचा अनुस्वार इंग्रजांनी लवकर टाकून दिला आणि बॉम्बे म्हणू लागले, वसईचा मात्र ठेवला. याचे कारण बहुधा साधे आहे. मुंबई त्यांच्या ताब्यात सतराव्या शतकातच आली, तिथले नाव रोज त्यांच्याच तोंडी होते. वसई १७३९पर्यंत शेजाऱ्याची होती आणि तिचे नाव त्यांच्यापर्यंत पोर्तुगीज पत्रांतूनच पोहोचत होते.

मराठी कागदांत यातले काहीच दिसत नाही. चिमाजी अप्पाच्या मोहिमेच्या पत्रांत ती वसईच आहे, आणि १८०२च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तो मराठी माणसासाठी ‘वसईचा तह’च राहिला, ‘बसीनचा तह’ कोणी म्हटले नाही. किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी गावाला बाजीपूर असे नवे नाव देऊन पाहिले होते, तेही टिकले नाही. दोनशे पाच वर्षे पोर्तुगीजांची राजवट, मग विजेत्यांनी दिलेले नाव, मग इंग्रज: या सगळ्यांना ओलांडून गावकऱ्यांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. म्हणजे परके रूप बोलण्यात कधी उतरलेच नव्हते. ते होते फक्त कागदावर.

आता इरावतीकडे. पेगू इथल्या पंधराव्या शतकातल्या कल्याणी शिलालेखांत मोन लोकांच्या देशाचे तीन विभाग सांगितले आहेत, त्यांतला एक ‘कुसिममंडल’. सोळाव्या-सतराव्या शतकांतले युरोपीय प्रवासी याच बंदराला ‘कोस्मिन’ म्हणतात. मोन ‘कुसिम’चे ब्रह्मी भाषेत ‘पुसिम’ झाले. हा बदल अठराव्या शतकात अलाउंगपया या विजेत्या राजाने केला, असे रंगूनचे पाली पंडित फोर्शहॅमर यांचे मत कोशात दिले आहे. राजाने केला असो वा लोकांच्या जिभेने, ब्रह्मी लिपीत त्या गावाचे हिज्जे आजही तेच आहेत, आणि ते एकेका अक्षराने देवनागरीत उतरवले तर ‘पुसिम्’ असे वाचता येतात. उच्चार मात्र पथेइन. ब्रह्मी भाषेत जुना ‘स’ दातांमध्ये जीभ घेऊन बोलला जातो आणि शेवटचा ‘म’ ‘न’कडे झुकतो, म्हणून लिहिणे एक आणि बोलणे दुसरे. मुसलमानांना ब्रह्मी भाषेत ‘पथी’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते; पण कुसिम हे जुने रूप समोर असताना तिला फार वजन देता येत नाही. मुद्दा एवढाच की इथले अनुनासिक घरचे आहे, मुळातल्या ‘म’चे आहे. त्याला पोर्तुगीज नाकाची गरज नव्हती.

वाशीमची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत देखणी. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्याच्या मंत्र्याचा लेख आहे तो हरिषेण याच शाखेतला. दुसऱ्या विंध्यशक्तीचा जो ताम्रपट १९३९ साली वाशीमला सापडला तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे, त्यामुळे जुने आणि नवे नाव एकाच गावाचे याला भक्कम आधार मिळाला. वत्सगुल्मचे प्राकृत रूप ‘वच्छोम’. राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ म्हणून एका काव्यरीतीचा उल्लेख केला आहे, म्हणजे गावाच्या नावावरून भाषाशैलीला नाव पडण्याइतका त्या गावाचा दबदबा होता. वच्छोमचे वाशीम. यातला ‘म’ गुल्मातला, म्हणजे झुडपांच्या जाळीतला. पुढे फारसी लिहिणाऱ्यांनी ‘व’चा ‘ब’ केला. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातला एक सरकार म्हणून त्याची नोंद बासीम अशी आहे, आणि इंग्रजांनी तेच रूप उचलले. गंमत अशी की ताम्रपट सापडला तेव्हाही विद्वानांनी त्याचे नाव ‘बासीम ताम्रपट’ असेच छापले; वाकाटकांच्या राजधानीचा पुरावा मोगली हिज्ज्यांतून जगापुढे आला.

एवढ्यावरून तीन अनुनासिकांचे तीन उगम समोर येतात: एक पोर्तुगीज सवयीचा, एक मोन शब्दातला, एक संस्कृत समासातला. यावर एक आक्षेप सहज सुचेल, आणि तो हलका नाही. पोर्तुगीज ब्रह्मदेशातही होतेच. फिलिप द ब्रिटोने १६१३पर्यंत सिरियाम बंदर धरून ठेवले होते. वसई ही त्यांची आवडती नगरी. गोव्याखालोखाल तिथे बड्या घराण्यांचे वाडे होते. मग याच लोकांनी इरावतीच्या मुखावरच्या भातशेतीच्या, खाड्यांच्या, सखल प्रदेशाला कौतुकाने वसईचे नाव दिले नसेल कशावरून? आपल्या गावाचे नाव परक्या भूमीला देण्याची युरोपीयांना हौस होतीच.

याचे उत्तर एका इंग्रजाने देऊन ठेवले आहे, तेही असा प्रश्न कोणी विचारण्याच्या कितीतरी आधी. राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी १५८३ साली होर्मुझहून गोव्याला कैदी म्हणून नेला जात असताना वाटेत दमण, वसई, ठाणे, चौल ही बंदरे त्याने पाहिली. वसईचे नाव तो ‘बासाइम’ असे लिहितो आणि तिथला व्यापार धान्य आणि तांदूळ एवढाच, असे सांगतो. पुढे सुटका करून घेऊन, उत्तर हिंदुस्थान आणि बंगाल ओलांडून, १५८६च्या अखेरीला तो बंगालमधून जहाजाने पेगूकडे निघाला आणि इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात ज्या गावी उतरला त्याचे नाव त्याने लिहिले ‘कोस्मिन’. एकच माणूस, एकच प्रवास, तीन वर्षांचे अंतर, आणि दोन गावांची दोन नावे, एकमेकांपासून पूर्ण वेगळी. दोन्ही ठिकाणी त्याने नाव कोणाकडून ऐकले असेल? त्या काळी बंदरोबंदरी पोर्तुगीज हीच व्यवहाराची भाषा होती. पोर्तुगीजांनी त्या बंदराला बासाइं म्हटले असते तर नुकतेच बासाइम पाहून आलेल्या फिचच्या ते नक्कीच ध्यानात आले असते. पोर्तुगीज बळ ब्रह्मदेशात जेव्हा होते तेव्हा ते बंदर कोस्मिन होते. ते बसीन झाले पोर्तुगीज तिथून नाहीसे झाल्यावर दीडशे-दोनशे वर्षांनी.

मग ते झाले कसे? इथे मला यूलच्या पुढे एक पाऊल टाकावेसे वाटते. अठराव्या शतकाच्या मध्यावर ईस्ट इंडिया कंपनीने जवळच्या नेग्राइस बेटावर ठाणे घातले होते. त्या काळच्या पत्रव्यवहारात या बंदराचे रूप ‘पर्साइम’ असे आहे. १७५९च्या एका पत्रात तर पर्साइमच्या भोवतालच्या वीस मैलांत पाँडिचेरीपासून मच्छलीपट्टणपर्यंतच्या किनाऱ्याला पुरेल इतका तांदूळ पिकू शकेल, असा हिशेब आहे. पर्साइम म्हणजे पुसिमच. फक्त शेपूट ‘-साइम’ असे लिहिले गेले, आणि ते हिज्जे पोर्तुगीज वळणाचे आहेत. म्हणजे पोर्तुगीजांनी नाव नेले नाही, पण पूर्वेकडची नावे लिहिण्याची त्यांची धाटणी इंग्रज कारकुनांच्या हातात उतरली होती. पुढे १८२५ आणि १८५२च्या युद्धांत इंग्रजांनी ते बंदर घेतले, तेव्हा कागदांवर पर्साइम मागे पडून ‘बसीन’ आले. आता लक्षात घ्यायला हवे की तोवर इंग्रजी कचेऱ्यांत बसीन हे नाव घोटून तयार होते. १७८०च्या डिसेंबरात गॉडर्डने वसई घेतली होती, १८०२च्या तहाने तर बसीनचे हिज्जे कलकत्त्यापासून लंडनपर्यंत प्रत्येक राजकारण्याच्या डोळ्याखालून गेले होते. बी, ए, दोन एस, ई, आय, एन: एका मान्य नावाची अक्षरे साच्यात जुळलेली असताना, जवळपास तसेच ऐकू येणारे दुसरे नाव त्याच साच्यात पडले तर नवल नाही. कोणा कारकुनाने ठरवून केले असा दावा नाही; कागद तसे काही सांगत नाहीत. पण पर्साइमचे बसीन होण्यातला कल तिकडेच दिसतो.

यावर तर्कशुद्ध वाचक म्हणेल, मग नावे असंबद्ध कशी? वसईच्या हिज्ज्यांनी ब्रह्मी बंदराचे हिज्जे ओढून घेतले, तर काहीतरी नाते आलेच की. आले, पण ते हिज्ज्यांचे. शब्द आणि त्याचे लेखन या दोन गोष्टी आहेत, आणि पथेइनच्या रहिवाशाने वसईचे नाव कधी ऐकलेले नसतानाही त्यांचे लेखन एक होऊ शकते. हिज्जे कलकत्त्याच्या दप्तरात एकमेकांना भेटले. माणसे, माल, देव, नौका यांतले काही या नावासोबत गेले नाही. वाशीम तर या भेटीतही अर्धवटच सामील झाले. त्याचे इंग्रजी रूप बासीम असे एका एसचे आणि ‘म’ने संपणारे राहिले, आणि कोशकारांनी त्याला त्या नोंदीत बसवले ते केवळ कानाच्या साक्षीवर. तिसऱ्या गावाला उगाच ओढले, असे मला वाटते; पण ओढले नसते तर या तुलनेतली सर्वांत जुनी कडी हाती आली नसती.

ही चर्चा केवळ शब्दांच्या हौशीची वाटेल तर तेही खरे नाही. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. एकाच सरकारच्या, एकाच रुपयाच्या राज्यात बसीन जिल्हा होता ब्रह्मदेशात आणि बसीन तालुका ठाणे जिल्ह्यात, आणि १९०५ साली अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला जाईपर्यंत बासीम जिल्हाही होता वऱ्हाडात. त्यात दोन्ही बसीनांची परिस्थिती इतकी सारखी की घोटाळ्याला आमंत्रणच: दोन्ही बंदरे, दोन्हीकडे भात, दोन्हीकडे डोळ्यात भरणारा ख्रिस्ती समाज. गेर्सन द कुन्या या गोमंतकीय डॉक्टरांनी १८७६ साली चौल आणि बसीनच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. ते आपल्या वसईचे, तिथल्या मठांचे, चर्चांचे आणि किल्ल्याचे. त्यानंतर सातच वर्षांनी कारपेंटर या अमेरिकी मिशनऱ्याचे बसीनच्या मिशनवरचे पुस्तक आले. ते करेन जमातीच्या बाप्टिस्ट मंडळींचे, ज्यांनी परदेशी पैशावाचून आपल्या शाळा आणि देवळे चालवली. कॅथलिक वसईच्या ख्रिस्ती इतिहासाचा अभ्यासक ग्रंथालयात ‘बसीन, ख्रिस्ती’ असे शोधू लागला तर दोन्ही एका यादीत येतात, आणि सामवेदी, कोळी, वाडवळ ख्रिस्ती घरांच्या परंपरेत करेनांचा एखादा तपशील घुसला तर तो चटकन उघडकीस येणारही नाही. कारण तो पटण्यासारखा असेल. निव्वळ विसंगत चूक सापडते. सुसंगत चूक पिढ्यान्‌पिढ्या राहते.

आता ही नावे गेली, असेही म्हणता येत नाही. ब्रह्मदेशाच्या सरकारने १९८९ साली नावे बदलली आणि बसीनचे अधिकृत इंग्रजी नाव पथेइन झाले. आपल्याकडे ‘बसीन रोड’ स्थानकाचे ‘वसई रोड’ झाले. पण समुद्रात मुंबईच्या पश्चिमेला ओएनजीसीचे जे मोठे नैसर्गिक वायूक्षेत्र आहे त्याचे नाव ‘बसीन’च राहिले, आणि तिथून निघणारा वायू समुद्रतळाच्या नळांतून हजिऱ्याला जातो. भूशास्त्रज्ञांनी तिथल्या इओसीन काळातल्या चुनखडी थरालाही ‘बसीन फॉर्मेशन’ असे नाव दिले. हा थर ज्या खोऱ्यात आहे त्याला इंग्रजीत ‘बेसिन’ म्हणतात, त्यामुळे तेलाच्या अहवालांत ‘बेसिन’मधले ‘बसीन’ अशी जोडगोळी शेजारी शेजारी छापली जाते. तो बेसिन शब्द लॅटिनमधल्या पाण्याच्या भांड्यावरून फ्रेंचमार्गे आलेला, आपल्या मोरीतल्या वॉश-बेसिनचा भाऊबंद. चौथा असंबद्ध पाहुणा म्हणायचा, एवढेच.

बसीन हे परकीय सत्तेचे नाव, ते पुसून टाकावे, असे म्हणणाऱ्यांशी पाटीपुरते माझे काही भांडण नाही. गावाचे नाव गावकरी म्हणतात तेच असावे. पण नावाच्या सूची, दप्तरे आणि नकाशे यांतून ते काढले तर नुकसान वसईचेच आहे, कारण १५३४ ते १८१८ या काळातली वसई युरोपीय कागदांत मुख्यत: याच नावाखाली सापडते. गरज आहे ती वाचताना तारीख पाहण्याची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीच्या युरोपीय कागदात बासाइं किंवा बसीन आले तर ती बहुधा आपलीच वसई; तेव्हा ब्रह्मी बंदर कोस्मिन किंवा पर्साइम होते. १८२५नंतरच्या कागदात आले तर शेजारच्या ओळीत रंगून आहे की ठाणे ते पाहावे, आणि वाक्य तांदळाच्या निर्यातीचे असेल तर रंगूनची शक्यता आधी धरावी. बासीम आले, एका एसचे, तर अकोल्याच्या कागदांकडे वळावे.